तांब्याला 'येतो' कसं सांगायचं?

आमच्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. लहानपणी शाळेला निघताना मी एकदा 'जातो गं' म्हणालो, तर आजीनं उंबऱ्यातून परत आत बोलावलं, खाली बसवलं, घोटभर पाणी पाजलं आणि 'येतो' म्हणायला लावूनच सोडलं. तुमच्याही घरी असंच असेल. निघता निघता, चपला पायात सरकवता सरकवता आपण परत येण्याचं वचन देऊन टाकतो. दिलंय हे आपल्या लक्षातही नसतं.

हे वचन कुत्र्याला कसं द्यायचं, हा प्रश्न मला २०२२ च्या जूनमध्ये पडला.

माझं गाव हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात. नांदेड रस्त्यावर फाटा लागतो, तिथून तीन किलोमीटर आत. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा पुण्यातल्या कंपनीनं लॅपटॉप हातात देऊन घरी पाठवलं. त्या वर्षी पोळ्याच्या आसपास आमच्या बांधावर एक पिल्लू सापडलं. अंगाचा रंग चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखा, म्हणून नाव तांब्या. नेटवर्क फक्त माळवदावर यायचं, म्हणून तिथं पत्रे टाकून, दार बसवून माझं ऑफिस थाटलेलं. तांब्या दिवसभर टेबलाखाली, माझ्या पायावर हनुवटी ठेवून. 'कॅन यू हिअर मी?' हे वाक्य त्यानं मायच्या हाकेपेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. असे बावीस महिने.

मग ऑफिसला हजर व्हा म्हणून मेल आला. चुलतभावानं मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडलं. तांब्या तीन किलोमीटर मागं पळत आला. रात्रीची ट्रॅव्हल्स थांबली, मी पायरीवरून वळून 'येतो रे' म्हणालो आणि आत गेलो. खिडकीची काच काळी होती. बाहेरचं काही दिसलं नाही, आणि दिसलं नाही याचं मला बरंच वाटलं.

पुढचं सगळं मायकडून फोनवर कळलं. दोन दिवस अन्नाला शिवला नाही. माळवदावरच्या खोलीचं दार नखांनी ओरबाडून काढलं. माझी एक जुनी चप्पल तोंडात धरून अंगणात फिरायचा. संध्याकाळ झाली की फाट्यावर जाऊन बसायचा आणि थांबलेल्या प्रत्येक गाडीच्या दाराशी जायचा. शेजारच्यांनी सल्ला दिला, "चार रोज साखळीनं बांधा, व्हईल सवय." बांधलं. मग तो रात्रभर असा रडायला लागला की गल्लीतल्या लोकांची झोप मोडली. तिसऱ्या आठवड्यात आवाज बंद झाला.

"झाली बघ सवय त्याला," माय म्हणाली. मी सुटकेचा श्वास सोडला आणि जेवायला गेलो.

दिवाळीला घरी आलो तेव्हा तांब्या गोठ्याच्या कडेला पडून होता. साखळी केव्हाच काढलेली होती. मला बघून त्यानं मान उचलली, शेपटी जमिनीवर दोनदा आपटली आणि मान परत खाली ठेवली. बरगड्या दिसत होत्या. "किती शहाणा झालाय बघ," घरचे कौतुकानं म्हणाले. माझ्या पोटात मात्र खड्डा पडला. ते शहाणपण मी ओळखत होतो.

पाचवीत असताना मला तालुक्याच्या एका वसतिगृहात ठेवलं होतं. बाबा सोडायला आले. दुपारी म्हणाले, "जा, टाकीवरून पाणी पिऊन ये." मी पाणी पिऊन आलो तर बाबा नव्हते. त्यांना माझं रडणं बघवलं नसतं, हे आता कळतं. तेव्हा एवढंच कळलं की पाणी प्यायला गेलं की माणसं नाहीशी होतात. कितीतरी दिवस मी टाकीवर गेलो की नळाकडं पाठ करून, फाटकाकडं बघत पाणी प्यायचो. पंधरा दिवस रडलो. सोळाव्या दिवशी थांबलो. सरांनी घरी निरोप धाडला, 'रमला आता पोरगा.' बाबा अजूनही पाहुण्यांना अभिमानानं सांगतात, पंधरा दिवसांत रमला होता म्हणून. मी रमलो नव्हतो. रडून कुणी येत नाही, एवढा हिशेब दहा वर्षांच्या पोरानं लावला होता.

'सवय झाली' हे आपल्याकडचं फार सोयीचं वाक्य आहे. सासरी गेलेल्या मुलीला सवय होते, वसतिगृहातल्या पोराला होते, दसरा-दिवाळीनंतर माय-बाप ऊसतोडीला गेले की तांड्यावर आजीजवळ राहिलेल्या लेकरांनाही होते. या वाक्याचा कर्ता नेहमी मागं राहिलेला असतो आणि ते बोलणारा बहुतेक वेळा निघून गेलेला असतो, किंवा ज्याच्या कानाला त्या रडण्याचा त्रास होत होता तो.

१९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसानं लंडनमध्ये एक लहानशी फिल्म बनवली. जेमतेम अडीच वर्षांची एक मुलगी आठ दिवस दवाखान्यात राहते, एवढीच गोष्ट. त्या काळी तिकडच्या दवाखान्यांत आई-बापांना मुलांजवळ थांबू देत नसत. आई आली की पोर रडतं, गेली की आणखी रडतं. त्यापेक्षा नकोच ती भेट. काही दिवसांनी पोरं गप्प व्हायची आणि कर्मचारी म्हणायचे, रुळलं. रॉबर्टसन आणि त्याचा सहकारी जॉन बोल्बी यांचं म्हणणं होतं की हे रुळणं नाही. आधी आकांत, मग निराशा, मग तुटलेपण. आणि बघणारा नेमका दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला 'बरं झालं' म्हणतो. फिल्म पाहून पुष्कळ डॉक्टर चिडले. पण हळूहळू वॉर्डांची दारं उघडली. १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीनंच आई-बापांना भेटू द्यावं अशी शिफारस केली.

दुसरी गोष्ट कुत्र्यांचीच आहे आणि ती वाचताना मला दोनदा फोन बाजूला ठेवावा लागला. १९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना पट्ट्यांत अडकवून विजेचे झटके दिले. काहीही केलं तरी ते थांबत नसत. नंतर त्यांना अशा खोक्यात ठेवलं, जिथं मधली बुटकी आडभिंत ओलांडली की सुटका. ज्यांनी आधीचे झटके सोसले नव्हते ती कुत्री उडी मारून पलीकडं गेली. सोसलेल्यांतली बरीचशी जागच्या जागी पडून राहिली. पलीकडं जाता येतं हे बघायचाही प्रयत्न त्यांनी केला नाही. असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि तेव्हाही करायला नको होता असं माझं मत आहे. पण जे दिसलं ते दिसलं. याला त्यांनी शिकलेली असहायता म्हटलं.

जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी लिहिलं की आपला अर्थ उलटा लागला होता. असहायता शिकावी लागत नाही. त्रास लांबला की जीव आपोआप गप्प पडतो, मेंदूची ती मूळची रीत आहे. शिकावं लागतं ते दुसरंच, की आपल्या करण्यानं काही बदलू शकतं. त्या पडून राहिलेल्या कुत्र्यांना बरं कसं केलं, तेही नोंदलेलं आहे. दोरी लावून त्यांना ओढत पलीकडं न्यावं लागलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग केव्हातरी ती आपल्या पायांनी गेली.

म्हणजे तांब्याला सहन करायला शिकवायचं नव्हतं. ते त्याला न शिकवताच आलं होतं. गेलेला माणूस परत येतो, हे शिकवायचं होतं.

पण कुत्र्याला सांगणार कसं? माणसाला म्हणता येतं, 'दर्शवेळा अमावस्येला येतो.' आपण नाही आलो तरी त्या शब्दावर समोरचा महिना काढतो. कुत्र्याकडं 'पुढच्या महिन्यात' ही जागाच नाही. त्याला वचन देता येत नाही, फार तर अनुभव देता येतो. शब्दानं भागत नसलं की यावंच लागतं. ही अडचण मला आधी फक्त तांब्याची वाटत होती.

माझा एक मित्र परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत होता. त्याला फोन केला. त्यानं आधी तांब्याला पोटाचा, गोचिडाचा काही आजार आहे का ते तपासून घ्यायला लावलं. मग म्हणाला, मोबाइलवर शूटिंग कर, तू नसतानाचं. मी माळवदावरच्या खोलीत मोबाइल लावला, नेहमीची बॅग पाठीवर टाकली, दार ओढलं आणि विहिरीवर जाऊन बसलो. अकरा मिनिटांनी परत आलो. घरच्यांनी सांगितलं, आवाज नाही की काही नाही, निवांत होता. शूटिंग बघितलं. तो झोपला नव्हता. दाराकडं तोंड करून बसलेला, हिवाळ्यातही जीभ बाहेर, दर थोड्या वेळानं ओठ चाटतोय, जांभया देतोय. शेजारी ठेवलेली दुधात कुस्करलेली भाकरी तशीच. अकरा मिनिटं त्यानं दारावरची नजर हलवली नाही. बाहेरून ऐकणाऱ्याला ती शांतता होती.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बारा दिवसांची रजा टाकून घरी आलो. आमच्याकडे तेव्हा हळदीचा हंगाम. काढणी, शिजवणी, वाळवण, घरात कुणाला बसायला सवड नसते. आणि मी काय करत होतो? बूट घालत होतो, काढत होतो. मोटारसायकलची किल्ली खिशात टाकायची आणि भाकरी खायला बसायचं. बॅग पाठीला लावायची आणि अंगणात झाडू मारायचा. मोटारसायकल चालू करायची, बंद करायची. "पेट्रोल जाळायलास कशाला?" बाबा वैतागले. कारण असं की तांब्याच्या हिशेबात बूट, किल्ली आणि बॅग म्हणजे मी नाहीसा होणार. ती आधी निरर्थक व्हायला हवी होती.

यात फसवणूक आहे का, यावर मी बरेच दिवस विचार केला. त्या जीवानं बावीस महिने माझा अभ्यास करून तीन खुणा शोधल्या आणि मी त्या मुद्दाम खोट्या पाडत होतो. पण मला पाण्याच्या टाकीवर पाठवून बाबा निघून गेले, त्यात आणि यात फरक आहे असं मला वाटतं. बाबांनी जाणं लपवलं. मी जाणं लपवत नव्हतो, त्याच्या भोवतीची भीती सोलून काढत होतो. निघताना मी गुपचूप सटकत नव्हतो, गळ्यात पडून निरोपही घेत नव्हतो. 'येतो' म्हणायचो, नेहमीच्या आवाजात, आणि जायचो. हा युक्तिवाद मला सोयीचा आहे, हेही मान्य.

खुणा बोथट झाल्यावर दार. पहिल्यांदा दहा सेकंद. दार ओढायचं, दहा मोजायचे, आत यायचं, काहीच घडलं नाही असं वागायचं. मग वीस. मग पुन्हा पाच. मित्रानं बजावलं होतं की वेळ सारखी वाढवत नेऊ नकोस, आणि तो कासावीस व्हायच्या आत परत ये. रडल्यावर आलास तर उशीर झाला. रागावणं तर अजिबात नाही, कारण दार ओरबाडणारं कुत्रं खोडी काढत नसतं, घाबरलेलं असतं. काही कुत्र्यांना याच्या जोडीला डॉक्टरांनी दिलेली औषधंही लागतात, तांब्याला लागली नाहीत. जाताना मी गोणपाटाच्या घडीत भाकरीचे तुकडे लपवून ठेवायचो. तो ते हुंगून शोधतो का, हेच माझं मोजमाप. तीन दिवस त्यानं गोणपाटाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. चौथ्या दिवशी, मी दाराबाहेर चाळीस मोजत असताना, आत गोणपाट ओढल्याचा आवाज आला. मी तिथंच पायरीवर बसलो. पंचेचाळीस झाले, पन्नास झाले, मोजायचं विसरलो.

सहाव्या दिवशी सगळं बिघडलं. शेजारी हळद शिजवायचा कुकर आला, ट्रॅक्टरच्या आवाजानं तो बिथरला आणि आम्ही परत दहा सेकंदांवर.

त्याच संध्याकाळी चुलते आले. हळदीच्या भावावर बोलून झाल्यावर म्हणाले, "माणसाला मरायला सवड नाही अन् कुत्र्याला डिप्रेशन!" सगळे हसले. मीही हसलो. मग बाबा सुपारी कातरत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्या डोळ्याच्या आपरेशनला दोन रोज आलतास."

त्यावर कुणी हसलं नाही.

चुलत्यांच्या बोलण्याला उत्तर देता येईल. एकाचं दुःख बघितलं म्हणून दुसऱ्याचं दिसेनासं होतं असं काही नाही, आणि बांधावरून मीच उचलून आणलेल्या जिवाची जबाबदारी माझीच आहे. जो मला न विचारता जगात आला त्याच्याबद्दल माझं कर्तव्य काय, यावर वाद होऊ शकतो. ज्याला मी पायावर हनुवटी ठेवायची सवय लावली त्याच्याबद्दल होऊ शकत नाही. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर म्हणतो की मागं आलेल्या कुत्र्याला टाकून मला स्वर्गात यायचं नाही. ते कुत्रं खुद्द धर्म होतं, हे त्याला नंतर कळतं. आपलं कुत्रं शेवटपर्यंत कुत्रंच असतं, तरी हिशेब तोच.

बाबांच्या बोलण्याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी रोज दोनदा फोन केला होता. थेंब टाकले का, गॉगल लावला का, जड उचलू नका. सगळं केलं, फक्त थांबलो नाही. बाबांना शब्द कळतात, म्हणून मी शब्दांवर भागवलं. तांब्याला कळत नाहीत, म्हणून त्याच्या वाट्याला बारा दिवस आले. भाषेचा असाही उपयोग आपण करतो, हे मला त्या दिवसापर्यंत दिसलं नव्हतं.

रात्री माय भांडी घासताना म्हणाली, "त्यांचं मनावर घेऊ नकोस. नामदेव महाराज भाकर घेऊन पळालेल्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले, तू तर कुत्र्यापायी नुसता घरी आलास." माय दर एकादशीला नर्सीला जाते. कयाधूच्या काठचं नर्सी, नामदेवांचं गाव म्हणून ओळखलं जाणारं, आमच्याच जिल्ह्यात आहे. कोरडी भाकर कशी खाशील देवा, असं म्हणत धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट मी हजारदा ऐकलीय, पण माझ्याकडं उलटं झालं होतं. माझ्या गोष्टीत कुत्रं मोटारसायकलमागं धावत होतं आणि तूप-भाकरी दोन्ही घेऊन पळालो होतो मी.

मग थोडं थांबून माय म्हणाली, "तुला वसतिगृहात टाकलं तव्हा तू पंधरा रोज रडलास. मग रडायचा बंद झालास. समद्यांला बरं वाटलं. मला भ्या वाटलं व्हतं."

"मग आली का नाहीस न्यायला?"

"सर म्हणले, रमला."

ती भांडी घासत राहिली. मी ती विसळून पालथी घालत राहिलो.

रजा संपताना तांब्या दोन तास एकटा राहू शकत होता. शूटिंगमध्ये तो गोणपाट उलगडत होता, तुकडे खात होता आणि कुशीवर आडवा होऊन झोपत होता. पण दोन तास म्हणजे महिना नाही. महिनाभराच्या जाण्याला हे शिडीचं शिक्षण पुरत नाही. इथं मित्रानं सांगितलेली एक गोष्ट मला आधी आवडली नव्हती. काही कुत्र्यांना एकटं राहवत नाही, काहींना एका माणसावाचून राहवत नाही. तांब्या दुसऱ्या जातीचा. त्याला आणखी माणसं दे, तो म्हणाला. म्हणजे शेवटच्या चार दिवसांत मी त्याला भाकरी घालायची नाही. मायनं घालायची, पुतणीनं फिरवायचं, बाबांसोबत शेतावर जायचं. रात्री तो माळवदाच्या पायरीशी यायचा आणि मी त्याला खाली पुतणीकडं पाठवायचो. त्याच्या जगात मला लहान व्हायचं होतं.

तसं पाहिलं तर गावच्या कुत्र्याला हा त्रास सहसा नसायचा. आमच्या लहानपणी कुत्रं एकाचं नसे. सकाळची शिळी भाकर एका दारात, दुपारची सावली दुसऱ्या ओसरीवर, रात्रीची राखण सगळ्या गल्लीची. एक माणूस गेला तर त्याच्या जगाचा दहावा हिस्सा जायचा. मी त्याला माळवदावर नेऊन त्याचं सगळं जग माझ्या दोन पायांपुरतं केलं आणि मग ते पाय उचलून पुण्याला नेले. जुनं फार चांगलं होतं असं म्हणण्याची सोय मात्र नाही. त्याच गल्लीत खरूज झालेली, उपाशी, दगडांनी लंगडी झालेली कुत्री मरताना मी पाहिलीत आणि त्यांच्यासाठी कुणी रजा टाकली नव्हती. 'मग पुण्याला का नेला नाहीस?' असं मित्र विचारतात. तीन मजले वर, तिघांत एक खोली, दहा तास कुलूप. ती माझी सोय झाली असती, त्याची नाही.

टोकियोच्या शिबुया स्टेशनबाहेर हाचिकोचा पुतळा आहे. १९२५ च्या मे महिन्यात त्याचे प्राध्यापक मालक कामावरच वारले आणि पुढं जवळपास दहा वर्षं, मार्च १९३५ मध्ये मरेपर्यंत, तो स्टेशनवर येत राहिला. पहिला पुतळा उभा राहिला तेव्हा हाचिको जिवंत होता, अनावरणाला हजरही होता. आपल्याकडं रायगडावरचा वाघ्या आहे. त्याला इतिहासात आधार आहे का, ते जाणकारांनी ठरवावं. मला वेगळाच प्रश्न पडतो. या गोष्टी आपल्याला इतक्या का आवडतात? ती दहा वर्षं हाचिकोला कशी गेली असतील, हे आपण विचारत नाही. आपल्यामागं कुणीतरी अन्नपाणी सोडावं, फाट्यावर बसून राहावं, ही आपलीच हौस त्यात भागते. निष्ठेचे पुतळे निघून जाणारे लोक उभारतात.

हे लिहिणं सोपं गेलं, कारण तेव्हा मला वाटत होतं की मी त्यातला नाही.

रजेनंतर मी ठरवून महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी घरी जायला लागलो. तांब्यासाठी म्हणून सुरू केलं. बाबांना ते ठाऊक आहे, ते बोलत नाहीत, फक्त दुसऱ्या शनिवारी शेतावर उशिरा जातात. दोन-तीनदा खाडा झाला. पहिले काही महिने तांब्या संध्याकाळी फाट्यावर जायचा, पण अंधार पडला की आपणहून परत यायचा आणि जेवायचा. पुतणी मला त्याच्या जेवणाचे फोटो पाठवायची.

बाळ आईला किती घट्ट बांधलेलं आहे हे तपासायची मेरी एन्सवर्थची एक प्रसिद्ध पद्धत आहे. अनोळखी खोलीत आई थोडा वेळ बाळाला सोडून बाहेर जाते. आपल्याला वाटतं, बाळ किती रडतं ते मोजत असतील. एन्सवर्थनं जास्त लक्ष दिलं ते आई परत येते त्या क्षणाकडं. ज्याला आईची खात्री आहे ते बाळ तिच्याकडं जातं, बिलगतं, शांत होतं आणि पुन्हा खेळायला लागतं. १९९८ मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी हीच पद्धत ५१ कुत्र्यांवर आणि त्यांच्या मालकांवर वापरून पाहिली. कुत्र्यांचं मालकाशी असलेलं वागणं पुष्कळसं तसंच निघालं. हे सगळं मी वाचलेलं होतं. रजेच्या आधीच वाचलेलं होतं.

गेल्या दिवाळीला पहाटे फाट्यावर उतरलो तेव्हा तांब्या तिथं नव्हता. तीन किलोमीटर चालत आलो. काय काय मनात आलं ते सांगत नाही. अंगणात शिरलो तर माय सडा टाकत होती आणि तांब्या गोठ्याच्या कडेला गोणपाटात तोंड खुपसून बसलेला. चाहूल लागताच उठला, धावत आला, सगळं अंग हलवत दोन्ही पाय माझ्या छातीवर ठेवले, कान चाटला, भोवती तीन गिरक्या घेतल्या. मी बॅग खाली ठेवून त्याला नीट जवळ घ्यायला वाकलो, तर तो सुटला आणि गोणपाटाकडं परत गेला. भाकरीचा एक तुकडा राहिला असावा.

मला राग आला. खरं सांगतो, चांगलाच राग आला. बॅग तशीच अंगणात, मी वाकलेला, हात पुढं. मनात आलं, हाक मारून बोलवावं. हाक मारली की तो आला असता.

माय सड्याची बादली घेऊन बघत होती.

"हात धुवून घे," ती म्हणाली. "चहा ठेवते. बाबाला उठव, रात्रीपासून इचारायलेत, किती वाजता येणार म्हणून."